निळ्या देवमाशामागे फिरताना

रत्नागिरी जिल्ह्यात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. निळा देवमासा दरवर्षी अभ्यासक्रमात यायचा: लांबी इतकी, वजन इतकं, रोजचं खाणं इतकं. निवृत्तीनंतर श्रीलंकेला मिरिसा आणि त्रिंकोमालीच्या समुद्रात त्याच्या मागे फिरू लागले, कोकणच्या वाळूवर लागलेले देवमासे बघायला जाऊ लागले, नाखवा-खलाशांशी बोलत बसू लागले. तेव्हा त्या आकड्यांमागची कारणं हळूहळू उलगडत गेली. माझं म्हणणं एवढंच आहे की या प्राण्याच्या अंगावरची एकही गोष्ट समुद्र बाजूला ठेवून समजत नाही. हे अनुभवाचे बोल देवमासे बघायला निघणाऱ्यांसाठी आहेत, मुलांना तो शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहेत आणि सगळ्यात जास्त आमच्या किनाऱ्यावरच्या माणसांसाठी आहेत.

१. शेपटी नंतर, आधी श्वास शोधा

बोटीवर चढलेला प्रत्येक जण पाण्याबाहेर उंच उडी घेणारा देवमासा मनात धरून आलेला असतो. निळा देवमासा सहसा तसा वागत नाही. लांबवर पाण्यातून एक सरळ, उभा, पांढुरका खांब उठतो, वाऱ्यावर विरतो आणि बोटवाला सुकाणू तिकडे वळवतो. हवा पडलेली असेल तर हा फवारा तीस फुटांपर्यंत चढतो. छातीतली गरम, ओली हवा जोराने बाहेर पडली की तिचं धुकं होतं आणि नाकपुड्यांवर साचलेलं थोडं पाणीही तिच्याबरोबर उडतं.

त्या एका श्वासाकडे नीट लक्ष द्या. आपण स्वस्थ बसलेलो असताना एका श्वासात फुफ्फुसातली दहा-पंधरा टक्के हवा बदलतो. देवमासा ऐंशी-नव्वद टक्के बदलतो, आणि तेही डोळ्याचं पातं लवावं इतक्या झटपट. नाकपुड्या दोन, त्या अगदी माथ्यावर. त्यांच्या पुढे मांसाचा एक उंचवटा असतो, म्हणजे समोरून येणारं पाणी सरळ आत घुसत नाही. सगळं धड पाण्यात ठेवून माथ्याचा तेवढाच भाग वर काढला तरी त्याचं भागतं. नाकपुड्या मिटलेल्या असणं हीच त्यांची नेहमीची स्थिती आहे. उघडायला जोर लावावा लागतो, मिटायला नाही. ज्याला सगळा जन्म पाण्यात काढायचा आहे त्याच्यासाठी यापेक्षा सुरक्षित रचना मला सुचत नाही.

असे काही श्वास लागोपाठ घेऊन तो पाठीची कमान करतो आणि खाली जातो. मग दहा-पंधरा मिनिटं समुद्रावर काही नसतं. नवखे लोक या वेळात कंटाळतात, मोबाइल काढतात. मी त्या वेळात खाली काय चाललं असेल याचा विचार करायला शिकले. त्याने प्राणवायू नेला आहे तो मुख्यतः रक्तात आणि स्नायूंत. स्नायूंमध्ये मायोग्लोबिन नावाचं प्रथिन इतकं ठासून भरलेलं असतं की त्याचं मांस काळपट लाल दिसतं. खोल जाताना पाण्याच्या दाबाने छातीचा पिंजरा दबतो, फुफ्फुसं आकसतात आणि उरलेली हवा रक्तात मिसळू शकत नाही. पाणबुड्या माणसांना नायट्रोजनच्या बुडबुड्यांमुळे जो जीवघेणा त्रास होतो तो त्यामुळे बराचसा टळतो. साधारणपणे तो शंभर ते तीनशे मीटर खोल जातो. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ एका निळ्या देवमाशाने पाचशे मीटरहून खोल बुडी मारल्याची नोंद आहे.

२. हृदयाबद्दल जे ऐकलंत ते तपासून घ्या

निळ्या देवमाशाचं हृदय मोटारगाडीएवढं असतं आणि त्याच्या रक्तवाहिनीतून माणूस पोहून जाईल, असं मुलं हमखास सांगतात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमध्ये २०१४ साली किनाऱ्याला लागलेल्या एका निळ्या देवमाशाचं हृदय रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियमने काढून जतन केलं. त्याचं वजन भरलं सुमारे १८० किलो. खूप मोठं, पण मोटारगाडी नव्हे. आणि खरी गोष्ट अतिशयोक्तीपेक्षा जास्त थक्क करणारी आहे.

कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी निळ्या देवमाशाच्या अंगावर चोषकांनी एक यंत्र चिकटवलं आणि त्याच्या हृदयाचे ठोके नोंदवले. २०१९ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. खोल बुडीत ठोके मिनिटाला चार ते आठ, कधी कधी तर फक्त दोन. वर येऊन श्वास घेताना मिनिटाला २५ ते ३७. म्हणजे खाली प्राणवायू जपून वापरायचा आणि वर आल्यावर हृदय पूर्ण जोरात चालवून उधारी फेडायची. दोन ठोक्यांमधल्या त्या लांबलचक वेळात रक्त थांबून कसं चालेल? हृदयातून निघणारी महाधमनी लवचीक असते. ठोक्यासरशी ती फुगते आणि मग सावकाश आकसत रक्त पुढे ढकलत राहते.

वर आल्यावरच्या ठोक्यांचा तो आकडा जवळजवळ त्या हृदयाची कमाल मर्यादा आहे, असं या शास्त्रज्ञांचं मत पडलं. याहून मोठा प्राणी पृथ्वीवर का झाला नाही, त्याचं एक उत्तर कदाचित इथे असेल. निवृत्तीनंतरही एखाद्या वर्गापुढे उभी राहिले की मी आधी मुलांना स्वतःची नाडी मोजायला लावते आणि मग हे आकडे फळ्यावर लिहिते. वर्ग आपोआप गप्प होतो.

३. तोंड समजलं की प्राणी समजला

या एका गोष्टीवर मी तासन् तास बोलू शकते, म्हणून इथे जरा सैल हाताने लिहिते.

जगातला सगळ्यात मोठा प्राणी बोटाएवढ्या जिवांवर जगतो. इतरत्र तो क्रिल नावाचे कोळंबीसारखे बारीक जीव खातो. श्रीलंकेच्या समुद्रातल्या निळ्या देवमाशांची विष्ठा गोळा करून सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. आशा डी व्हॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातला डीएनए तपासला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात निघालं की इथल्या देवमाशांचा भर क्रिलवर नाही. ते सर्जेस्टिड कुळातल्या बारीक कोळंब्या खातात. हे वाचलं तेव्हा मी आनंदाने उठून उभी राहिले, कारण आमचा जवळा त्याच कुळातला. कोकणात ज्याच्या जातभाईंची चटणी पानात पडते, त्यावर आपल्या शेजारच्या समुद्रातला हा महाकाय जीव पोसला जातो.

आता हे खायचं कसं? एकेक टिपून खाणं अशक्य. जवळा पकडणाऱ्या कोळ्याला विचारा, तो सांगेल: माल पाण्यात सारखा पसरलेला नसतो. इथे नुसतं पाणी, आणि तिथे एकदम दाट थर. देवमासा तो दाट थर गाठतो, वेग घेतो आणि तोंड जवळजवळ काटकोनात उघडतो. हनुवटीपासून बेंबीपर्यंत त्याच्या गळ्याखालच्या कातडीला साठ ते नव्वदच्या घरात लांब घड्या असतात, नऊवारीच्या निऱ्यांसारख्या. पाणी आत घुसलं की त्या सगळ्या एकदम उलगडतात. जीभ सैल होऊन उलटी फिरते आणि त्या पिशवीचं अस्तर होते. काही सेकंदांत त्याच्या स्वतःच्या वजनाइतकं, कधी त्याहून जास्त पाणी आत आलेलं असतं. त्या क्षणी तो जवळजवळ जागच्या जागी थांबतो, इतका पाण्याचा रोध बसतो. त्याच्या जवळच्या नातलगांमध्ये, फिन देवमाशांत, खालच्या जबड्याच्या दोन हाडांच्या मधोमध एक संवेदनेंद्रिय २०१२ मध्ये सापडलं. जबडा किती उघडला आणि गळा किती ताणला, याची खबर ते मेंदूला देत असावं असं मानतात. त्याच गटातल्या देवमाशांच्या तोंडातले मज्जातंतूसुद्धा ताणल्यावर दुप्पट लांब होतात आणि पुन्हा आखडतात. आपली नस एवढी ताणली तर कायमची निकामी होईल.

मग गाळण. वरच्या जबड्याला दातांऐवजी दोन्ही बाजूंना साधारण तीन-तीनशे काळे, मीटरभर लांब पट्टे लोंबतात. ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे असतात आणि आतल्या कडेला केसांची दाट झालर असते. गळ्याच्या स्नायूंनी पाणी झालरीतून बाहेर ढकललं जातं, कोळंबी आत राहते, ती गिळायची.

कॅलिफोर्नियाच्या समुद्रातला निळा देवमासा चरण्याच्या हंगामात दिवसाला सुमारे १६ टन खातो, असं २०२१ साली 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासात म्हटलं आहे. पूर्वीच्या पुस्तकांत हा आकडा चार टनांच्या आसपास असायचा. शिक्षकांनी आपल्या टिपणांत तो बदलून घ्यावा.

मला यातून मिळालेला धडा हिशोबाचा आहे. एक झेप घ्यायला भरपूर ऊर्जा जाते. थर दाट असेल तर खर्चाच्या नव्वद पटींपर्यंत परतावा मिळतो. थर विरळ असेल तर झेप फुकट जाते. त्यामुळे या प्राण्याला समुद्रात नुसतं अन्न असून चालत नाही, ते एका जागी दाटलेलं असावं लागतं. समुद्र तापला, प्रवाह बदलले आणि तेवढीच कोळंबी विखुरली, तरी देवमासा उपाशी राहू शकतो. एकूण माल किती, हे मोजून त्याचं पोट भरेल की नाही ते कळत नाही.

४. समुद्रावर लाल डाग दिसला तर बोट थांबवायला सांगा

ती देवमाशाची विष्ठा असते. कोळंबीच्या रंगामुळे ती विटकरी लाल दिसते, पाण्यावर पसरते आणि वास दूरवर जातो. लोक नाक दाबतात. पण खोल पाण्यातलं अन्न खाऊन त्यातलं लोह आणि नायट्रोजन देवमासा वर, उजेडाच्या थरात आणून टाकतो. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर कोळंबी. आपल्या अन्नाची पेरणी तो अशी स्वतःच करत असतो. डी व्हॉस यांनाही २००३ मध्ये श्रीलंकेजवळ असाच लाल डाग दिसला होता. इथले देवमासे नुसते ये-जा करत नाहीत, इथेच चरतात, हे त्यावरून त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचं पुढचं सगळं काम त्यातून उभं राहिलं.

५. एवढा मोठा का, याचं उत्तर पावसाळ्यात आहे

देवमाशांचा वंश पाच कोटी वर्षांचा, पण त्यातले खरे अजस्र प्राणी गेल्या तीस-चाळीस लाख वर्षांतच दिसू लागले. २०१७ मध्ये जीवाश्मांच्या मापांवरून हे मांडलं गेलं. त्या काळात ध्रुवांवर बर्फ वाढला, वाऱ्यांनी किनाऱ्याजवळचं खोलातलं गार, पोषक पाणी हंगामी वर येऊ लागलं, आणि अन्न ठरावीक जागी, ठरावीक काळात, दाट मिळू लागलं. अशा समुद्रात मोठा प्राणी जिंकतो. एका घासात जास्त घेतो, चरबीत साठवतो आणि पुढच्या कुरणापर्यंतचा लांब प्रवास त्या साठ्यावर करतो. वजनाच्या मानाने त्याचा चालण्याचा खर्चही लहान प्राण्यापेक्षा कमी पडतो. जमिनीवर हाडांनी हे वजन पेललं नसतं. पाणी ते तोलून धरतं.

अरबी समुद्रात हे काम आपला नैर्ऋत्य मोसमी वारा करतो. तो सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यावरून वाहताना वरचं पाणी दूर लोटतो आणि खालचं गार पाणी वर येतं. आम्ही १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद ठेवतो, त्या काळात तिकडे पाणी हिरवं होत असतं. उत्तर हिंदी महासागरातले निळे देवमासे म्हणूनच अंटार्क्टिकाला जात नाहीत. ते वर्षभर याच गरम समुद्रात, मोसमाच्या मागेमागे फिरतात. प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड ब्लिथ यांनी १८५९ मध्ये त्यांना 'इंडिका' असं नाव दिलं. अंटार्क्टिकाचे निळे देवमासे तीस मीटरच्या जवळ जातात, आपले त्यांच्यापेक्षा बरेच आखूड. पण मिरिसाला बोटीच्या बाजूने त्यांची पाठ सरकत राहते, सरकत राहते, आणि संपतच नाही, तेव्हा आखूड हा शब्द आठवत नाही.

६. गारठ्याइतकीच उष्णताही त्याला सांभाळावी लागते

कातडीखाली चरबीचा जाड थर, तो ऊब धरतो. परांमध्ये आणि शेपटीत गरम रक्त नेणाऱ्या रोहिण्यांना गार रक्त आणणाऱ्या नीला वेढून असतात, त्यामुळे बाहेर जाणारी उष्णता परत फिरते. उष्णता जास्त झाली तर कातडीजवळच्या वाहिन्यांतून रक्त वळवून ती पाण्यात सोडता येते. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे वाळूवर त्याचा संबंध येणार आहे.

७. सांगाड्यात बोटं शोधा

रत्नागिरीच्या मत्स्यालयात देवमाशाचा मोठा सांगाडा आहे. विद्यार्थ्यांना तिथे नेलं की मी एकच काम द्यायचे: हात शोधा. खांद्याचं हाड आणि त्याला जोडलेल्या परांत दंडाचं हाड, मनगट आणि बोटांची पेरं सापडली की मुलांचे चेहरे बदलतात. देवमासे जमिनीवरून पाण्यात गेलेल्या चतुष्पादांचे वंशज आहेत, आणि ती गोष्ट घडली ती आपल्याच उपखंडाच्या किनाऱ्यावर. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोट भागातला इंडोहायस, पाकिस्तानातला पाकिसेटस, आणि १९७० च्या दशकात अशोक साहनी आणि विजयप्रकाश मिश्रा यांनी कच्छमधून वर्णन केलेले आदिम देवमासे, हे सगळे त्या वाटेवरचे टप्पे.

माशाची शेपटी डावीकडे-उजवीकडे हलते, देवमाशाची वर-खाली. चौखूर धावणाऱ्या प्राण्याचा कणा वर-खाली वाकतो, तीच हालचाल त्याने पाण्यात नेली. मागचे पाय गेले, मांसात रुतलेली कमरेची छोटी हाडं तेवढी राहिली. फुफ्फुसं मात्र तीच राहिली, म्हणून समुद्राचा राजा झाला तरी श्वासासाठी वर येणं त्याला चुकलं नाही. ही एक गोष्ट त्याला आज फार महागात पडते आहे.

८. कान नसतील तर समुद्र दिसत नाही

पाण्यात उजेड लवकर विरतो. दोनशे मीटरखाली जवळजवळ अंधार. आवाज मात्र पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेच्या चौपटीहून वेगात, आणि तो जितका खर्जातला तितका दूर जातो. निळ्या देवमाशाची साद माणसाच्या कानाला ऐकू येण्याच्या अगदी खालच्या काठावर, बरीचशी त्याच्याही खाली असते. अनुकूल परिस्थितीत ती शेकडो किलोमीटरवर पोचते. मी बोटीवर कितीही कान देऊन बसले तरी मला कधी काही ऐकू आलं नाही. ध्वनिमुद्रण वेग वाढवून ऐकलं तेव्हा कुठे ती साद माझ्या कानांच्या आवाक्यात आली.

लक्षद्वीपमध्ये कवरत्तीजवळ दिव्या पणिक्कर आणि कॅथलीन स्टॅफर्ड या संशोधकांनी पाण्याखाली ध्वनिमुद्रक ठेवले आणि भारतीय पाण्यात निळ्या देवमाशांची गाणी नोंदवली. २०२१ मध्ये ते काम प्रसिद्ध झालं. एप्रिल-मेमध्ये, पावसाळ्याच्या तोंडावर, गाणी सगळ्यात जास्त. त्याच्या आदल्या वर्षी ओमानच्या किनाऱ्याजवळ निळ्या देवमाशांचं पूर्वी कधी न नोंदलेलं गाणं सापडल्याचं प्रसिद्ध झालं होतं. म्हणजे आपल्या या समुद्रात एक वेगळा समाज राहत असावा आणि त्याचा पत्ता आपल्याला आत्ता आत्ता लागतो आहे.

मोठ्या जहाजांच्या पंख्यांचा आवाजही नेमका त्याच खर्जात असतो. दोन देवमाशांमध्ये शेकडो किलोमीटरचं अंतर असू शकतं. त्या अंतरात त्यांना जोडणारी गोष्ट आवाज एवढीच. तिच्यावर आपण दिवसरात्र गोंगाट ओततो आहोत.

९. पिल्लाजवळ जाऊ नका

जन्मतः पिल्लू सात मीटर लांब आणि अडीच टनांच्या आसपास असतं. आईच्या दुधात निम्म्याजवळ स्निग्धांश, म्हणून ते पाण्यात पातळ होऊन वाहून जात नाही. पिल्लू दिवसाला साधारण नव्वद किलोने वाढतं, सहा-सात महिने दूध पितं. आई हे सगळं आपल्या चरबीतून देते, आणि दोन-तीन वर्षांतून एकदाच विते. तुमच्या बोटीमुळे मायलेकरं बिचकून खाली गेली तर ते दूध, ती ऊर्जा वाया जाते. जवळून फोटो हवा म्हणून बोटवाल्याच्या मागे लागू नका. चांगला बोटवाला लांबच इंजिन बंद करतो. मग देवमासा वाटलं तर स्वतः येतो.

१०. ज्या संकटाला त्याच्या देहात उत्तर नाही ते ओळखा

निळा देवमासा जोरात पोहतो आणि मेल्यावर बुडतो. वल्ह्यांच्या होड्यांतून शिकार करणाऱ्यांपासून या दोन गोष्टींनी त्याला शतकानुशतकं वाचवलं. १८६० च्या दशकात नॉर्वेच्या स्वेंड फॉयन यांनी वाफेच्या बोटीवर स्फोटक भाल्याची तोफ बसवली आणि दोन्ही कवचं एका फटक्यात गेली. अंटार्क्टिकाच्या समुद्रात मुळात दोन लाखांहून जास्त निळे देवमासे होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साडेतीनशेच्या आसपास उरले होते. १९६० च्या दशकात सोव्हिएत ताफ्यांनी उत्तर हिंदी महासागरात, मुख्यतः आपल्या अरबी समुद्रात, बेकायदा बाराशेहून अधिक मारले, हे जगाला १९९० च्या दशकात कळलं. आज कोकणच्या समुद्रात निळा देवमासा दुर्मीळ आहे, त्यामागे हेही आहे.

आता भाले नाहीत, जहाजं आहेत. श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, दोंद्रा हेडजवळ, जगातल्या सर्वांत गजबजलेल्या जलमार्गांपैकी एक जातो, आणि तोच देवमाशांचं कुरण कापतो. मिरिसाच्या बोटीतून एका नजरेत फवारा आणि त्यामागे कंटेनरची भिंत दिसते, तेव्हा पोटात गोळा येतो. लॉस एंजेलिसजवळच्या एका अभ्यासात जहाज अंगावर आलं असताना निळे देवमासे काय करतात ते पाहिलं गेलं. ते बाजूला वळत नाहीत. फार तर सावकाश खाली जाऊ लागतात, आणि ते बहुधा पुरत नाही. कोट्यवधी वर्षांत एवढी मोठी, एवढी वेगवान वस्तू पृष्ठभागावरून त्यांच्यावर कधी चालून आली नव्हती. खोल पाण्यात ऑर्का या शिकारी प्राण्यांखेरीज त्याला शत्रू नव्हता. म्हणून जहाज चुकवण्याची सवयच त्या देहात मुरलेली नाही, आणि श्वासासाठी वर तर यावंच लागतं.

उपाय अवघड नाही, आणि म्हणूनच मला राग येतो. मार्ग थोडा दक्षिणेकडे सरकवला की टकरीचा धोका खूप कमी होतो. मेडिटेरेनियन शिपिंग कंपनी या जगातल्या एका मोठ्या कंपनीने २०२२ पासून आपली जहाजं स्वतःहून दक्षिणेकडून न्यायला सुरुवात केली. बाकीच्यांना तेच करायला काय हरकत आहे?

११. वाळूवर देवमासा लागला तर

२०१५ च्या उन्हाळ्यात सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात कोकण सीटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांना निळे देवमासे दिसले. महाराष्ट्रासाठी ती फार मोठी बातमी होती. त्याच वर्षी जूनमध्ये रायगडमध्ये रेवदंड्याला एक ४२ फुटी निळा देवमासा जिवंत किनाऱ्याला लागला आणि वाचला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं एक पिल्लू लागलं. गावकऱ्यांनी, वन विभागाने आणि इतर अनेकांनी दिवसरात्र कष्ट घेऊन त्याला समुद्रात नेलं, तरी ते जगलं नाही. त्या बातम्या वाचून कित्येकांनी मला विचारलं, हवेत श्वास घेणारा प्राणी वाळूवर मरतो कसा?

पाणी गेलं की त्याचा देहच त्याच्यावर उलटतो. पाण्याने तोलून धरलेलं वजन आता छातीवर बसतं आणि फुफ्फुसं फुगू शकत नाहीत. चिरडलेल्या स्नायूंमधलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पाडतं. जी चरबी ऊब धरायची तीच उन्हात त्याला आतून भाजते, कारण उष्णता सोडायला भोवती पाणीच नाही. वेळ फार थोडा असतो.

म्हणून किनाऱ्यावरच्या माझ्या सगळ्या भावाबहिणींना सांगते. जिवंत देवमासा दिसला तर आधी वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा, सेल्फी नंतरसुद्धा नको. शेपटीला दोर बांधून ओढू नका, तिथले सांधे निखळतात. अंगावर ओली चादर टाका, पाणी शिंपडत राहा, पण माथ्यावरच्या नाकपुड्या उघड्या ठेवा आणि त्यांत पाणी जाऊ देऊ नका. शेपटीपासून लांब उभे राहा. त्याच्या उच्छ्वासाच्या तोंडाशी जाऊ नका. गर्दी आणि ढोल-ताशे लांब ठेवा. आणि नाखवांनो, जाळ्यात देवमासा किंवा कायद्याने संरक्षित दुसरा कुठलाही जीव अडकला तर जाळं कापून त्याला सोडा, फोटो आणि व्हिडिओ काढून ठेवा. फाटलेल्या जाळ्यासाठी महाराष्ट्र शासन २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्यासाठी कांदळवन कक्षाकडे किंवा मत्स्यव्यवसाय विभागाकडे अर्ज करायचा.